मुसाशीनंतर कोण? कुरामा तेंगूविषयी जरा सविस्तर

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. 'मुसाशी' ही तलवारबाजाची गाजलेली कादंबरी वाचून झाली, आता जपानी साहसकथांतला दुसरा कोणता सामुराई नायक वाचावा? जुन्या जपानी चित्रपटांच्या याद्यांमध्ये 'कुरामा तेंगू' हे नाव सारखं दिसतं, तो खरोखर होऊन गेला का? आणि काळा बुरखा, पांढरा घोडा, तलवार असल्या पोरांच्या गोष्टीत मोठ्या माणसाने वाचावं असं काय आहे? मी पुण्यात जपानी शिकवतो. जपानी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणं हे त्या शिकवण्याला जोडून लागलेलं व्यसन. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सोपं उत्तर आधी देतो. कुरामा तेंगू होऊन गेलेला नाही. तो ओसारागी जिरो या लेखकाच्या डोक्यातून 1924 साली निघाला आणि 1965 पर्यंत त्याच लेखकाच्या हातून लिहिला जात राहिला. लहानमोठ्या मिळून 47 कथा-कादंबऱ्या. माझं मत विचाराल तर मुसाशीनंतर त्यालाच वाचा, कारण तो मुसाशीच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे.

योशिकावा एइजींचा मुसाशी 1935 ते 1939 या काळात 'आसाही' वृत्तपत्रात रोज थोडाथोडा छापून आला. ती एका माणसाच्या साधनेची गोष्ट. रानटी पोरगा तलवारीच्या वाटेने स्वतःला घडवत जातो आणि 1612 मध्ये गान्र्यू बेटावर आपला प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरो याच्यासमोर उभा राहतो. वाटेत भेटणारी माणसं, त्याच्यावर जीव लावणाऱ्या ओत्सूसकट, त्या साधनेच्या कडेला उभी असतात. कुरामा तेंगूला असली साधनाबिधना काही नाही. पहिल्या पानावर येतो तेव्हाच तो तलवारीत तयार आहे, मनाने शांत आहे आणि बऱ्यापैकी हसतमुखही आहे. त्याचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या भानगडी निस्तरण्यात जातो. रंजक कादंबरीत असा तयार नायक सांभाळणं कठीण काम असतं, कारण त्याच्यात बदलायला काही उरलेलं नसतं. ओसारागींनी ते चाळीस वर्षं कसं सांभाळलं, हाच या मालिकेतला खरा पाहण्याचा भाग.

लेखकाची थोडी ओळख हवी. खरं नाव नोजिरी कियोहिको, जन्म 1897, योकोहामाचा. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात राज्यशास्त्र शिकलेला, काही काळ परराष्ट्र खात्यात नोकरी केलेला, आणि परदेशी पुस्तकांवर ऐपतीबाहेर पैसे उडवणारा माणूस. कामाकुरातल्या महाबुद्धाच्या पाठीमागे राहायचा, त्यावरून हे टोपणनाव घेतलं. 1 सप्टेंबर 1923 च्या कान्तो भूकंपाने तोक्यो-योकोहामा जमीनदोस्त झालं, आणि ज्या मासिकाला तो परदेशी कथांची भाषांतरं द्यायचा ते मासिकही बंद पडलं. नोकरी सोडलेली, घर चालवायचं. तेवढ्यात ओळखीच्या संपादकाने 'पोकेत्तो' नावाच्या मासिकासाठी शेंडीवाल्यांच्या काळातली, म्हणजे जुन्या सामुराई काळातली, एखादी गोष्ट लिहून मागितली. मार्चमध्ये एक लिहिली, मे महिन्यात दुसरी दिली, 'ओनिमेन नो रोजो'. तिच्यात एक गूढ सामुराई होता, नाव कुरामा तेंगू. लेखकाच्या मनात तो तेवढ्या एका गोष्टीपुरताच होता. संपादक म्हणाला, याला सोडू नका.

नाव जुनंच उचललेलं आहे. क्योतोच्या उत्तरेला कुरामा नावाचा डोंगर आहे. तेंगू म्हणजे लांब नाकाचा, डोंगरात राहणारा अर्धा देव-अर्धा राक्षस असा लोककथेतला प्राणी. कुरामाच्या तेंगूने लहानग्या उशिवाकाला, म्हणजे पुढच्या मिनामोतो योशित्सुनेला, तलवार शिकवली अशी दंतकथा आहे, आणि त्या नावाचं नोह नाट्यही आहे. त्यामुळे जपानी वाचकाला हे नाव ऐकताच डोंगर, काळोख आणि अन्यायात सापडलेलं एक पोर आठवतं. तुम्ही क्योतोला गेलात तर एइझान रेल्वेने कुरामा स्टेशनवर उतरा. बाहेरच तेंगूचं भलंमोठं लाल तोंड आहे. 2017 च्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने तिथल्या जुन्या तोंडाचं नाक तुटलं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला चक्क मलमपट्टी लावून ठेवली होती. कादंबरीतल्या नायकाचा त्या डोंगराशी संबंध नावापुरताच, तो वावरतो खाली शहरात.

आता काळ बघू, कारण तो कळला नाही तर गोष्ट अर्धीच कळते. 1853 मध्ये अमेरिकेची जहाजं उरागाच्या समुद्रात येऊन थांबली आणि अडीचशे वर्षांची तोकुगावा राजवट आतून हलली. पुढची पंधरा वर्षं धामधुमीची. एका बाजूला शोगुनची, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करी शासकाची, राजवट, दुसऱ्या बाजूला सम्राटाला पुन्हा सत्तेवर आणू पाहणारे तरुण सामुराई, आणि दोघांच्या झटापटीचं मैदान म्हणजे क्योतो. 1860 च्या दशकातल्या क्योतोत रात्री बाहेर पडणं म्हणजे जीव मुठीत घेऊन चालणं. सम्राटवादी तरुण 'स्वर्गाची शिक्षा' म्हणून विरोधकांची मुंडकी कापायचे आणि कामो नदीच्या काठी मांडून ठेवायचे. 1863 मध्ये तर त्यांनी एका मंदिरातल्या आशिकागा या जुन्या घराण्यातल्या शोगुनांच्या लाकडी पुतळ्यांची डोकी कापून तिथे मांडली. त्यांना आवरायला शोगुनच्या बाजूने त्याच वर्षी शिन्सेनगुमी ही तुकडी उभी राहिली. मुक्काम मिबू गावात, बाह्यांवर पांढरी नागमोडी नक्षी असलेले फिक्या निळ्या रंगाचे अंगरखे, प्रमुख कोंदो इसामी. 1864 च्या उन्हाळ्यात इकेदाया नावाच्या खानावळीवर धाड घालून त्यांनी सम्राटवादी कटवाल्यांना कापलं आणि एका रात्रीत त्यांचा दरारा देशभर पसरला.

या रक्तारक्तीत ओसारागींनी आपला माणूस सोडला. तो सम्राटवाद्यांच्या बाजूचा आहे. कात्सुरा कोगोरोसारखे इतिहासातले खरे पुढारी त्याचे मित्र म्हणून कथांमध्ये येतात-जातात. पण त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. 'कुराता तेन्झेन' हे तो गावात वापरतो ते नाव, तेही खोटंच. तो कुठल्या संस्थानाचा, बाप कोण, तनखा किती, बायकोमुलं आहेत का, काहीही कळत नाही. वर्णन मिळतं ते एखाद्या फरारी माणसाच्या हुलियासारखं: उंची साडेपाच शाकू, म्हणजे सुमारे 167 सेंटीमीटर, अंगकाठी मध्यम, रंग गोरा, नाक सरळ, डोळे स्वच्छ. बस. ओळख पटवायला एवढंच.

एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीत, हे असं असणं किती विचित्र होतं ते ध्यानात घ्या. सामुराई म्हणजे कुणाचा तरी माणूस. त्याचा पगार तांदळात, कोकू या मापात, ठरायचा, घर मालकाच्या किल्ल्याभोवती, नावामागे संस्थान. परवानगीवाचून संस्थान सोडणं हा गुन्हा होता. सम्राटवाद्यांतला नावाजलेला साकामोतो र्‍योमाने 1862 मध्ये आपलं तोसा संस्थान सोडलं तेव्हा तो कायद्याने गुन्हेगारच ठरला. अशा तुटलेल्या, बिनमालकाच्या सामुराईंनी तेव्हाचं क्योतो भरलेलं होतं, म्हणून तेंगूसारखा माणूस तिथे खपून जातो. पण र्‍योमाला निदान घर होतं, बहीण होती, तिला लिहिलेली पत्रं आहेत. तेंगूला मागे बघायला काहीच ठेवलेलं नाही. त्याला कुणी हुकूम देऊ शकत नाही, आणि 'मालकाचा हुकूम होता' ही पळवाटही त्याला नाही. एखाद्याला मारलं तर ते त्याने स्वतः ठरवून मारलेलं असतं. नायक म्हणून त्याचं वेगळेपण मला इथे दिसतं. बाकी बुरखा, घोडा ही सजावट.

पिस्तूलही आहे बरं का. कमरेला दोन तलवारी आणि हातात पिस्तूल. काही शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात, सामुराईच्या हातात पिस्तूल कसलं म्हणून. पण हे अगदी काळाला धरून आहे. 1866 मध्ये तेरादाया खानावळीत घेरला गेल्यावर र्‍योमाने रिव्हॉल्वर चालवूनच वाट काढली होती, आणि ती त्याला ताकासुगी शिन्साकू या दुसऱ्या सम्राटवादी पुढाऱ्याने दिलेली होती.

आता पोरांच्या गोष्टीकडे येतो. मालिकेतली सगळ्यांत गाजलेली कादंबरी 'काकुबेइ-जिशी'. ती 1927-28 मध्ये 'शोनेन कुराबू' या मुलांच्या मासिकात आली. तिच्या आधीच योशिकावांची 'शिन्शू तेन्माक्यो' तिथे सुरू झालेली होती, म्हणजे मुलांना एकाच मासिकात दोन तगड्या साहसकथा मिळत होत्या. 'काकुबेइ-जिशी' हे मुळात पोरांच्या एका खेळाचं नाव: आताच्या निइगाता भागातल्या त्सुकिगाता गावातून लहान मुलांची टोळकी सिंहाचा छोटा मुखवटा डोक्यावर चढवून गावोगाव फिरायची, ढोलकी-बासरीवर कोलांट्या मारायची, हातांवर चालायची, पाठ मागे वाकवून कमान करायची. आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या पोरांसारखीच दशा. जमलेले पैसे मुकादमाचे, कमी पडले तर मार. 1933 मध्ये बालकांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला आणि हा खेळ करून घेण्यावर बंदी आली. म्हणजे कादंबरी छापून येत होती तेव्हा अशी मुलं रस्त्यावर होतीच. वाचणाऱ्या पोराने ती कदाचित त्याच आठवड्यात पाहिलेली असणार.

अशा एका मुलाची, सुगिसाकूची, ही गोष्ट. दिवसभराची कमाई असलेला बटवा हरवलाय, सोबत शिन्किची नावाचा तसलाच दुसरा पोरगा आहे, संध्याकाळ होतेय आणि घरी जायची छाती होत नाही. मुकादम चोशिची नुसता मुकादम नाही, तो शिन्सेनगुमीसाठी माग काढणारा हस्तक आहे. दोघं देवळापाशी रडत असताना तिथे उतरलेला एक सामुराई चौकशी करतो आणि पैसे देतो. तो तेन्झेन. घरी गेल्यावर चोशिचीला संशय येतो, पैसे आले कुठून? आणि ज्याने जीव वाचवला त्याच्याच मागावर शिन्सेनगुमीला नेण्याचं काम पोराच्या गळ्यात पडतं.

ही मांडणी किती पक्की आहे बघा. पहिल्याच प्रकरणात नायकाने कुणालाही कापलेलं नाही. त्याने एका भुकेल्या पोराला पैसे दिले, बस, आणि त्या पैशांमुळेच तो अडकत जातो. पराक्रमाची सुरुवात उपकारातून आणि संकटाचीही त्यातूनच. पुढे ओसाका किल्ल्यात एकट्याने शिरणं आहे, पाण्याने भरलेली अंधारकोठडी आहे, काळोखातली सुटका आहे, कोंदो इसामीशी समोरासमोर भिडणं आहे. हे सगळं ताणून धरणारं आहे. पण त्याच्या तळाशी एकच साधा प्रश्न राहतो: हा मोठा माणूस या पोराला सोडून जाईल का? जपानमध्ये जुन्या पिढीला तेंगू म्हटलं की पाठोपाठ सुगिसाकू आठवतो, तो यामुळे. तेंगूचा दुसरा साथीदार कुरोहिमे नो किचिबेइ, पूर्वीचा चोर. अनाथ पोर आणि सुटलेला चोर, म्हणजे ज्यांना सामुराई समाजात जागाच नव्हती, त्यांचं हे कुटुंब.

शत्रूवरही ओसारागींनी मेहनत घेतलेली आहे, आणि मोठ्या वाचकाने थांबावं असा हा भाग. कोंदो इसामी खरा माणूस, जन्म 1834. तो जन्माने सामुराई नव्हता, तोक्योच्या पश्चिमेकडच्या तामा भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा. गावठी समजल्या जाणाऱ्या तेन्नेन रिशिन पंथाची तलवार शिकला, शिकवू लागला आणि शोगुनची पडती बाजू सांभाळता सांभाळता सामुराई झाला. 1868 मध्ये नव्या सरकारच्या सैन्याने पकडून इताबाशीत त्याचा शिरच्छेद केला. सामुराईला मिळायचा तो हाराकिरीचा मानही दिला नाही. 1920 च्या दशकापर्यंत रंजक कथांमध्ये शिन्सेनगुमी म्हणजे ठरलेले दुष्ट. ते चित्र पुढे 1928 च्या सुमारास शिमोझावा कान यांनी जुन्या आठवणी गोळा करून लिहिल्यावर बदलू लागलं, आणि 1960 च्या दशकात शिबा र्‍योतारोंनी तर तुकडीचा उपप्रमुख हिजिकाता तोशिझो यालाच नायक केलं. ओसारागींचा कोंदो मात्र सुरुवातीच्या काळातही हलका माणूस नाही. तो शब्दाचा पक्का आहे, पाठीत वार करणारा नाही, आणि तेंगू त्याला मान देतो.

मला या जोडीत गंमत वाटते ती अशी. ज्याला सामुराई व्हायचंय, तो शेतकऱ्याचा मुलगा नियमांना घट्ट धरून बसलाय. पळून जाणाऱ्याला हाराकिरी, ही त्याच्या तुकडीची शिस्त. आणि जो जन्माने सामुराई दिसतो, त्याने संस्थान, नाव, तनखा सगळं टाकून दिलंय. दोघं तलवार काढून समोरासमोर येतात तेव्हा कोण जिंकतो याची मला फारशी उत्सुकता राहत नाही. यातला सामुराई नक्की कोण म्हणायचा, याच प्रश्नावर मी अडकतो.

त्या काळचे इतर नायक शेजारी ठेवून बघा. नाकाझातो काइझान यांच्या 'दाइबोसात्सु तोगे' या 1913 पासून चाललेल्या महाकादंबरीचा त्सुकुए र्‍यूनोसुके सुरुवातीलाच एका म्हाताऱ्या यात्रेकरूला घाटमाथ्यावर विनाकारण कापतो. हायाशी फुबोंचा तांगे साझेन 1927 चा, एक डोळा, एक हात, तलवारींच्या मागे वेडा झालेला. दोघंही जबरदस्त पात्रं, पण आतून पोखरलेली. भूकंपानंतरच्या आणि मंदीच्या जपानला असले काळोखे नायक भावले, यात नवल नाही. नवल तेंगूचं. त्याच वर्षांत एक उजेडातला माणूस तितकाच खपला.

आणि खपला तो मुख्यतः पडद्यामुळे. 1927 मध्ये माकिनो कंपनीने 'काकुबेइ-जिशी'वर मूकपट काढला, त्यात चोविशी-पंचविशीतला आराशी कान्जुरो तेंगू झाला. मग तो 1956 पर्यंत तेंगूच राहिला, सुमारे 40 चित्रपटांत. चेहऱ्याभोवती विशिष्ट घडीचा काळा बुरखा, काळे कपडे, आणि सुगिसाकू संकटात सापडला की दौडत येणारा घोडा. पोरं थिएटरात टाळ्या पिटायची ती या घोड्याला. 1951 च्या चित्रपटात सुगिसाकूचं काम मिसोरा हिबारीने केलं. पुढे जपानची सगळ्यांत मोठी गायिका झालेली हिबारी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती.

ओसारागी मात्र या पडद्यावरच्या तेंगूवर नाराज होते. त्यांचं म्हणणं, हा फार माणसं कापतो. शेवटी त्यांनी पुढाकार घेऊन 1954 पासून दुसऱ्या नटाला, कोबोरी आकिओला, घेऊन नवे तेंगूपट काढायला लावले. तीन निघाले. लोकांनी नाकारले, आणि भूमिका परत कान्जुरोकडे गेली. लेखकाला स्वतःच्या नायकाचा ताबा परत मिळाला नाही. लेखकाचा त्रागा मला पटतो, पण प्रेक्षकांची बाजूही समजते. कान्जुरोच्या हालचाली बघा. तो नुसता पळत आला तरी पडदा भरतो.

कागदावर मात्र ओसारागींनी तेंगूला हवं तिकडे नेलं. सुरुवातीचा तेंगू सरळ सम्राटवादी वीर आहे. पण लेखक दुसरीकडे काय लिहीत होता, ते पाहा. 1930 मध्ये त्याने फ्रान्सच्या ड्रायफस खटल्यावर लिहिलं. लष्कराची अब्रू राखण्यासाठी निरपराध अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवलं गेलं, तीच हकीकत. जपानचं लष्कर डोईजड होत होतं, त्या वर्षांत हा विषय निवडणं काही योगायोगाचं नव्हतं. पुढे बुलांजे या फ्रेंच सेनापतीवर, खूप नंतर पॅरिस कम्यूनवर. म्हणजे मुलांसाठी बुरखाधारी सामुराई लिहिणारा हात सत्ता माणसाला कशी चिरडते याचाच अभ्यास करत होता. त्याची सावली तेंगूवर पडत गेली. तलवार कमी निघू लागली. शत्रूला सोडून देणं वाढलं.

ओसारागींना धुतल्या तांदळासारखा ठरवायचं कारण नाही. युद्धकाळात त्यांनी लिहिणं थांबवलं नाही, जपानी सैन्याच्या ताब्यातल्या आग्नेय आशियात ते फिरून आले, आणि सम्राटनिष्ठ नायक तेव्हाच्या सरकारला सोयीचाही होता. ऑगस्ट 1945 मध्ये शरणागतीनंतर आलेल्या हिगाशिकुनी मंत्रिमंडळात ते सल्लागार होते. ते सरकार दोन महिनेही टिकलं नाही. मग अमेरिकी ताब्याच्या वर्षांत तलवारबाजीच्या चित्रपटांवर बंधनं आली आणि कान्जुरोचा घोडा काही काळ तबेल्यात गेला. लेखणीवर मात्र तेंगू चालूच होता.

युद्धानंतरच्या कथांतला तेंगू मला सगळ्यांत जास्त आवडतो. 'शिन तोक्यो एझू'मध्ये क्रांती होऊन गेलेली आहे, सम्राट सत्तेवर आहे, राजधानी तोक्योला आलीय. तेंगूची बाजू जिंकली. आणि कालपर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तो लढला तेच लोक आता अधिकारी झालेत, शेफारलेत. बक्षिसाच्या रांगेत तेंगू नाही. जुन्या साहसकथांत सहसा क्रांती झाली की पुस्तक संपतं. ओसारागी विजयानंतरच्या सकाळी नायकाला रस्त्यावर फिरायला लावतात आणि त्याला तिथलं काही आवडत नाही. 1868 च्या निमित्ताने 1945 नंतरचं जपान लिहिलं जातंय हे वाचकाला न सांगता कळतं. मालकाशिवायचा सामुराई सुरुवातीला सोयीची युक्ती होती. इथपर्यंत येता येता तिला अर्थ आला. ज्याने आधीच कुणाचाही माणूस व्हायचं नाकारलं होतं, त्याला नवं सरकारही विकत घेऊ शकत नाही.

शेवटची तेंगूकथा 1965 ची. दोनच वर्षांनी ओसारागींनी 'आसाही'त 'तेन्नो नो सेइकी' सुरू केली. विषय तोच, शोगुनशाहीचा अंत आणि मेइजी क्रांती, पण आता कागदपत्रांवर उभा केलेला इतिहास म्हणून. 1973 मध्ये ते वारले तेव्हा ती अपुरीच होती. माणूस बाकीही गमतीदार. आयुष्यभरात पाचशेच्या वर मांजरं पाळली म्हणतात, आणि कामाकुरातल्या हाचिमान देवळामागचा डोंगर बिल्डरांपासून वाचवायला 1964 मध्ये जी चळवळ उभी राहिली तिच्यात ते पुढे होते. योकोहामाच्या बंदराकडे बघणाऱ्या टेकडीवर त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. तिकडे गेलात तर चुकवू नका, मांजरांच्या मूर्तीही बघायला मिळतील.

आता वाचायचं कसं. 47 च्या 47 क्रमाने वाचायला जाऊ नका. पहिल्या काही कथा घाईत लिहिलेल्या आहेत, आणि ते जाणवतं. जपानी येत असेल तर 'काकुबेइ-जिशी'पासून सुरुवात करा. मुलांच्या मासिकासाठी लिहिल्यामुळे वाक्यं आटोपशीर आहेत, आणि गोष्ट अशी धावते की मधल्या जुन्या शब्दांना अडखळायला वेळच मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे मधल्या पातळीवर पोचलेत त्यांना मी हीच देतो. ती आवडली तर त्याच मासिकात नंतर आलेली 'सान्गाकुतो किदान' घ्या, आणि मग थेट उडी मारून 'शिन तोक्यो एझू'. मधली वर्षं नंतर भरून काढता येतील.

एक व्यावहारिक अडचण. आओझोरा बुन्को या मोफत जपानी संकेतस्थळावर ओसारागी मिळणार नाहीत. जपानमध्ये 2018 च्या शेवटी स्वामित्वहक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वरून 70 वर्षं झाली, त्यामुळे 1973 मध्ये वारलेल्या लेखकाचं साहित्य 2044 पर्यंत खुलं होत नाही. पुस्तक विकतच घ्यावं लागेल, जुन्या पुस्तकांच्या दुकानात आवृत्त्या मिळतात. 1962 मध्ये वारलेले योशिकावा, तसंच नाकाझातो आणि हायाशी फुबो तिथे फुकट आहेत. म्हणजे तुलनेसाठी 'दाइबोसात्सु तोगे'चं पहिलं प्रकरण आजच उघडून बघू शकता. जपानी येत नसेल तर तेंगूकडे जायची वाट चित्रपटांतूनच आहे. 1938 चा निक्कात्सू या चित्रपट कंपनीचा 'काकुबेइ-जिशी' सगळ्यांत सुटसुटीत, 1951 चा हिबारीसाठी. नव्यात 2008 ची एनएचके या जपानी दूरचित्रवाणीची मालिका आहे, तिच्यात क्योगेनचा, म्हणजे पारंपरिक जपानी विनोदी नाट्याचा, नट नोमुरा मान्साई तेंगू झालाय. उभं राहण्याची ढब बघण्यासारखी, पण घोड्याची मजा कमी.

कादंबरी वाचणार असाल तर चित्रपट नंतर बघा. आधी पुस्तकात तेंगू किती वेळा तलवार उपसतो याकडे लक्ष ठेवा, मग कान्जुरोचा सिनेमा लावा. लेखक कशावरून चिडला होता ते पहिल्या अर्ध्या तासात कळेल, आणि तरीही पुढचा तासभर तुम्ही उठणार नाही.